तक्रारीची भाषा

दर रविवारी दुपारी चार वाजता मुलाचा फोन यायचा, आणि साडेतीनपासूनच आजी केस विंचरून, चष्मा पुसून टेबलाशी बसलेल्या असायच्या. मुलगा परदेशात. सून तिथलीच. पाच वर्षांच्या नातीला, बिट्टीला, बापाची भाषा येत नव्हती, कारण बापाला शिकवायला वेळ नव्हता आणि आईला ती येत नव्हती. बिट्टी पडद्यावर यायची, हातवारे करत दोन दोन मिनिटं तिच्या भाषेत बोलायची, मध्येच हसायची, मध्येच कपाळावर हात मारायची. मग मुलगा बाजूने सांगायचा, "ती म्हणते, मजेत आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"अरे, एवढं बोलली ती! कपाळावर हात मारला तिनं. मजेत असलेलं माणूस कपाळावर हात मारतं का?"

"आई, लहान आहे ती. काहीतरी बडबडत असते."

आजींनी तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं होतं. दोन मीटर कापड दिलं आणि परत हातात रुमाल आला, तर मधलं कापड कुठे गेलं हे विचारायची त्यांना सवय होती. पण फोन ठेवला की मुलगा, सून, बिट्टी सगळी एकदम नाहीशी व्हायची, आणि विचारायचं कोणाला? एका रविवारी फोन बंद झाल्यावरही त्या बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मी ती भाषा शिकणार."

आजोबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं, त्यामुळे मान वर करतानाही त्यांचं बोट ओळीवरच असे. "या वयात?"

"मग कुठल्या वयात? ती माझ्या वयाची होईपर्यंत थांबू?"

बाजारपेठेत घरबसल्या परभाषा शिकवणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस होतं. एक खोली, एक टेबल आणि टेबलामागे एक हसरी मुलगी. आठवड्यातून दोनदा सकाळी अकरा वाजता शिक्षिका पडद्यावर येतील, वर्षभरात आजी नातीशी भांडायलासुद्धा लागतील, असं तिने सांगितलं. भांडायला या शब्दावर आजी विरघळल्या आणि त्यांनी अकरा ठिकाणी सह्या केल्या.

पहिल्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालून, नवी वही उघडून बसल्या. पडद्यावर एक गोल फिरत होता. बारा वाजेपर्यंत तो फिरला. पुढच्या वेळी पुन्हा तोच गोल. तिसऱ्या आठवड्यात मात्र शिक्षिका खरंच आल्या. 'माझ्याकडे एक छत्री आहे' हे वाक्य त्यांनी आजींकडून तीनदा म्हणून घेतलं, आणि चौथ्या मिनिटाला त्या गेल्या त्या गेल्याच.

पण एक वाक्य तर हातात आलं होतं. रविवारी आजींनी ते बिट्टीला म्हणून दाखवलं. बिट्टीचे डोळे एवढे मोठे झाले. ती ओरडून काहीतरी म्हणाली.

"ती विचारते, कुठे आहे?" मुलगा म्हणाला.

आजी धावत जाऊन छत्री घेऊन आल्या, उघडली, मिटली. बिट्टी टाळ्या पिटत सुटली. पुढच्या रविवारी पुन्हा छत्री झाली, त्याच्या पुढच्या रविवारीही झाली. चौथ्या रविवारी बिट्टीने छत्री नीट बघून घेतली आणि काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, आणि पुढे?"

आजींकडे पुढे काही नव्हतं. बिट्टी खुर्चीवरून उतरून निघून गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली, आणि ती मात्र बराच वेळ हलत होती.

मागच्याच गल्लीत एक निवृत्त दुभाषी बाई राहायच्या आणि घरी चारपाच जणांना तीच भाषा शिकवायच्या. आजी तिकडे निघाल्या, तेवढ्यात आजोबांनी भिंग लावून करार वाचायला घेतला.

"अगं, थांब. कलम नऊ. करार चालू असेपर्यंत विद्यार्थ्याने सदर भाषा अन्यत्र शिकू नये."

"ते कोण बघायला येतंय?"

"छापलेलं आहे," आजोबा म्हणाले. त्यांच्या लेखी छापलेल्या गोष्टीला बघणारं कोणी लागत नसे. "आधी हा रद्द करायचा. कलम बारा. सेवा न मिळाल्यास करार रद्द करता येईल. 'न मिळाल्यास'मधला 'ळ' उलटा बसलाय, पण अर्थ स्पष्ट आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात गेले. हसऱ्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, मी फक्त नाव नोंदवते. काढणारे वेगळे."

"ते कुठे बसतात?"

"मुख्य कचेरीत. तिकडेच, तुमच्या नातीच्या देशात. पत्र लिहा नाहीतर फोन करा. फक्त त्यांना आपली भाषा येत नाही."

"म्हणजे आत यायचं आपल्या भाषेत आणि बाहेर पडायचं त्यांच्या?"

"हो," मुलगी आणखी हसून म्हणाली. "म्हणजे तोपर्यंत तुम्हाला ती यायलाच लागते ना!"

मुलाला सांगावं असं आजोबांचं म्हणणं पडलं. आजी ऐकेनात. "आपण चार पानं लिहू आणि तो 'नको आहे' एवढंच करून पाठवेल. माहितीये मला त्याचं भाषांतर."

मग वाचनालयातून उशीएवढा शब्दकोश आला. आजी मजकूर सांगायच्या, आजोबा शब्द शोधायचे. चार दिवस खपून त्यांनी करार मोडायचा असल्याचं पत्र पाठवलं. उत्तर आलं. ते वाचायला एक दिवस लागला. संस्थेला मोडलेल्या वस्तूबद्दल वाईट वाटत होतं, मात्र आपण भांडी विकत नसल्याचं तिने नम्रपणे कळवलं होतं.

"'मोडणे'चे सात अर्थ होते," आजोबा पडेल आवाजात म्हणाले. "मी पहिला घेतला."

दुसऱ्या पत्रात त्यांनी करार बाजूला ठेवला आणि सरळ लिहिलं, आमच्या शिक्षिका नाहीत. यावेळी उत्तर काळ्या चौकटीत आलं. शिक्षिकेच्या निधनाबद्दल संस्थेने तीव्र दुःख व्यक्त केलं होतं. मृत्यूचा दाखला जोडल्यास अर्जाचा विचार होणार होता.

"अहो, काय केलंत हे! ती बिचारी कुठेतरी ठणठणीत असेल!"

"'नाहीत' असंच तर शोधलं मी!"

"पत्रं पुरे," आजी म्हणाल्या. "आता मी तोंडानं बोलते."

रोज सकाळी अकरा वाजता, शिकवणीच्याच वेळेला, आजी फोन लावू लागल्या. आधी चाळीस मिनिटं तिकडचं ध्वनिमुद्रित बोलणं चाले: आपला वेळ मौल्यवान आहे, आपला क्रमांक सातवा आहे, कृपया प्रतीक्षा करावी. रोज चाळीस मिनिटं तेच ऐकल्यावर दगडालाही पाठ झालं असतं. आजींना भाजी चिरताना ते गुणगुणायची सवय लागली. मग तक्रार विभागातली बाई यायची. थकलेल्या आवाजाची, पण एकदाही आवाज न चढवणारी. पहिले आठ दिवस आजी छत्रीशिवाय काही बोलू शकल्या नाहीत, आणि बाईने आठही दिवस छत्रीची नोंद घेतली.

नवव्या दिवशी आजी म्हणाल्या, "शिक्षक. नाही. आले." बाईने वाक्य सुधारून परत म्हटलं आणि विचारलं, "आपल्याला असं म्हणायचं आहे का?" आजींनी तसंच म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी 'का आले नाहीत' विचारलं. बाईने सांगितलं, चौकशी चालू आहे, सात कामकाजाचे दिवस लागतील. आजींनी तेही लिहून घेतलं. सात दिवसांनी त्यांनी विचारलं, मागचे सात दिवस संपले, ते कोणाच्या खाती गेले? बाई पहिल्यांदाच हसली.

तीन महिने असे गेले. एका सकाळी आजोबा करार हातात धरून शेजारी बसले होते आणि आजी फोनवर बोलत होत्या. बोलत होत्या म्हणजे तुटून पडल्या होत्या. कलम बारा, कलम नऊ, पन्नास शिकवण्या, एकही धड नाही, आपल्या विभागाबद्दल आदर आहे परंतु आपल्या संस्थेबद्दल तो राहिलेला नाही. बारा मिनिटांनी फोन ठेवून त्या पाणी प्यायला उठल्या.

"अगं," आजोबा म्हणाले, "शब्दकोश माझ्याकडे आहे."

"मग?"

"तू एकदाही मागितला नाहीस."

आजी हातात पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

पुढचा रविवार यायला चार दिवस होते. ते त्यांना चार महिन्यांसारखे गेले. चार वाजता बिट्टी पडद्यावर आली, छत्रीची आता अपेक्षाही न ठेवता. आजींनी तोंड उघडलं, आणि जे रोज ऐकलं होतं तेच बाहेर पडलं:

"आपल्याशी बोलताना आनंद होत आहे. आपली तक्रार काय आहे?"

मागे चहाचा कप घेऊन चाललेली सून जागच्या जागी थांबली. मुलाने काही बोलायच्या आत बिट्टी खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. तिला आजवर हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आई वेणी फार घट्ट घालते. शेजारची मांजर घरात येऊ देत नाहीत. बाबा गोष्ट सांगता सांगता स्वतःच झोपतो.

"आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे," आजी प्रत्येक वेळी म्हणाल्या आणि खरंच वहीत लिहीत गेल्या. "अन्य काही?"

"आजी फोनमध्येच असते," बिट्टी म्हणाली. "मी दर वेळी विचारते, तू कधी येणार. कोणी सांगत नाही." आणि तिने कपाळावर हात मारला.

आजींनी पेन खाली ठेवलं. आपल्या भाषेत त्यांनी मुलाला विचारलं, "ही दर रविवारी हे विचारत होती?"

मुलगा खाली बघत होता. "काय सांगणार होतो, आई? आम्ही दोघं दिवसभर कामावर. तुम्ही इथे येऊन कोणाशी बोलणार? ना भाषा येते, ना कोणी ओळखीचं. तुला सांगितलं असतं तर तुला चैन पडली नसती."

"ती अशीही पडत नव्हती," आजी म्हणाल्या. पलीकडे मुलानेही कपाळावर हात मारला. पोरीनं ते कोणाचं उचललं, हे आजींना आत्ता कळलं.

"किती वेळ लागेल?" बिट्टी विचारत होती.

सात कामकाजाचे दिवस, हे अगदी जिभेवर आलं होतं. आजींनी ते गिळलं. त्यांना म्हणायचं होतं, मला माहीत नाही. पण तीन महिन्यांत तक्रार विभागात हे वाक्य कोणी उच्चारलंच नव्हतं.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या, "'मला माहीत नाही' कसं म्हणतात?"

मुलाने सांगितलं. आजींनी म्हटलं. बिट्टीने मान हलवली, उच्चार चुकला होता. तिने तो दोनदा म्हणून घेतला, आणि बरोबर आल्यावर दोघी एकमेकींकडे बघत नुसत्या बसल्या. त्या दिवशी फोन ठेवायची घाई कोणी केली नाही.

बुधवारी संस्थेचं पत्र आलं. आजींचं शेवटचं संभाषण गुणवत्ता तपासणीसाठी ध्वनिमुद्रित झालं होतं. ते ऐकून परीक्षण विभागाने कळवलं होतं, की विद्यार्थिनीने तिसरी पातळी गाठली आहे. सेवा यशस्वीपणे पुरवली गेल्याचं यावरून सिद्ध होत असल्याने करार रद्द करता येत नाही. उरलेल्या सहा महिन्यांसाठी शुभेच्छा. सोबत प्रमाणपत्र.

"न शिकवता पास!" आजोबा कडाडले. "हा शुद्ध दरोडा आहे! आता मी लिहितो. कागद आण. 'मोडणे'चे सातही अर्थ घालतो!"

आजींनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं, शब्दकोश न घेता. मग घड्याळात बघितलं. अकरा वाजत होते. त्यांनी फोन लावला, चाळीस मिनिटं गुणगुणत काढली, आणि ओळखीचा थकलेला आवाज आला, "आपली तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही," आजी त्या भाषेत म्हणाल्या. "मला विचारायचं होतं, तुमच्या शहरात विमानातून उतरलं आणि बाहेर पडायचं दार सापडलं नाही, तर लोकांना काय विचारतात?"

"शिकवणं आमच्या विभागाकडे येत नाही," बाई म्हणाली. आणि थोडं थांबून, "आपण येताय?"

"ठरलं नाही अजून. मला माहीत नाही." उच्चार बरोबर आला. "पण विचारता तरी यायला हवं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाईने आवाज खाली आणला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून ती सांगू लागली. आजींनी वही ओढली.

"ऐकलंस का?" टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आजोबांनी विचारलं. त्यांची दीड पानं झाली होती. "'करार तत्काळ रद्द करावा' लिहू, की 'विनाविलंब'?"

आजींनी फोनवर हात ठेवला. "जरा गप्प बसा हो," त्या म्हणाल्या. "बाई शिकवताहेत."