गिल्बर्टचं खरं वय

कारखान्यातला सोबती अँथनी जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी गेला आणि कर्ज फेडायला त्याच्या बायकोला राहतं घर विकावं लागलं. तेव्हापासून गिल्बर्टचा जीव थाऱ्यावर नव्हता. बोरिवलीच्या सोसायटीतल्या त्याच्या दोन खोल्यांचं कर्जही अजून दहा वर्षांचं बाकी होतं. आपण असेच गेलो तर बायकोनं, एथेलनं, कुठं जायचं?

खालच्या मजल्यावरच्या नंदकुमारनं, म्हणजे विम्याच्या एजंटनं, उपाय सांगितला. घरकर्जाचा विमा उतरवायचा. माणूस गेला तर उरलेलं कर्ज विमा फेडतो, घर बायकोला राहतं. अट एकच, वय पन्नाशीच्या आत हवं. गिल्बर्ट सत्तेचाळीसचा होता आणि वयाच्या दाखल्याला कारखान्याचं पत्र चालणार होतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण गिल्बर्ट पडला गावठाणातला जुना ईस्ट इंडियन, मुंबईचा मूळचा ख्रिस्ती. "कारखान्याचा कारकून काय माझ्या जन्माला हजर होता?" असं म्हणून तो रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर पाद्रींकडे गेला आणि बाप्तिस्म्याच्या वहीतला उतारा शिक्क्यासकट घेऊन आला. तो त्यानं वाचलासुद्धा नाही. आपला जन्म आपल्याला ठाऊक, त्यात वाचायचं काय? हप्ता पगारातून कापायचा असल्यामुळे अर्ज कारखान्यातूनच जायचा होता. तिथल्या टेबलावर त्यानं तो उतारा मोठ्या ऐटीत ठेवला.

कारकुनानं मात्र तो वाचला. गिल्बर्टला मार्चमध्येच पन्नास पुरी झाली होती.

मग बोरिवलीच्या एका म्हाताऱ्या आत्याकडून उलगडा झाला. बाप मार्कसनं पोराला शाळेत उशिरा घातलं होतं आणि लाजेपायी मास्तरांना तीन वर्षं कमी सांगितली होती. बाप केव्हाच वर गेला होता, त्यामुळे भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

विमा तर गेलाच. वर कारखान्यानं वय दुरुस्त केलं आणि निवृत्ती तीन वर्षं अलीकडे आली. आता नोकरी आठ वर्षं, कर्ज दहा वर्षं. घर राखायला निघालेल्या माणसानं आपल्या हातानं घराची वाट लावली होती. गिल्बर्टला दोन दिवस जेवण गेलं नाही. एथेलच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची त्याला लाज वाटत होती.

शेवटी नंदकुमारनंच तोड काढली. एथेल शाळेत शिकवायची आणि बेचाळीसची होती. कर्जात तिचं नाव घातलं आणि विमा तिचा उतरवला.

"चला, निम्मी काळजी मिटली," नंदकुमार म्हणाला. "बाईंना काही झालं तर घर तुमचं."

"आणि मी गेलो तर?"

"तर कर्ज त्या फेडतील."

तो गेल्यावर गिल्बर्ट जेवायला बसला. मग म्हणाला, "चुकलं माझं, एथेल. तुझ्यासाठी करायला गेलो आणि भलतंच झालं. तू गेल्यावर हे घर घेऊन मी काय करू गं?"

एथेलनं त्याच्या पुढ्यातली डुकराच्या मटणाची वाटी उचलली आणि तिथं दुधीची भाजी ठेवली. कपाटातली दारूची बाटलीही तिनं शेजारच्या व्हायोलेटकडे देऊन टाकली.

"हे काय?"

"ज्याचा विमा आहे त्यानं मरावं," ती म्हणाली. "तुझा नाही ना झाला? मग तुला मरता यायचं नाही."

"दहा वर्षं दुधी?"

"दहा वर्षं," एथेल म्हणाली. "मग बघू."