टोर्केलची दुपारची कॉफी

ओल्मेविक नगरपालिकेने कामाचे तास कमी करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला, तेव्हा सांडपाणी विभागातल्या टोर्केल ल्युंगग्रेनला मनापासून आनंद झाला. त्याची अपेक्षा माफक होती. बायको गुनेल नगरपालिकेच्याच शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून दुपारीच घरी यायची आणि एकटीच कॉफी प्यायची. आता समोरच्या खुर्चीत तो बसणार होता. सबंध हिवाळाभर त्या दोघांनी एकमेकांना दिवसाउजेडी फक्त सुट्टीच्या वारीच पाहिलं होतं.

ठराव एकमताने झाला यात नवल नव्हतं. ओल्मेविकमध्ये बैठकीत सगळ्यांच्या आधी 'नाही' म्हणणं हे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाण्याइतकं असभ्य मानतात. त्यामुळे काम तेवढंच ठेवायचं आणि वेळ वाचवायला कचेरीतली कॉफीची सुट्टी रद्द करायची, यालाही सर्वांनी माना डोलावल्या. टोर्केलनेही डोलावली. घरी मिळणारच होती की कॉफी.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. मग कर्मचाऱ्यांच्या मोकळ्या वेळाची काळजी वाहणाऱ्या जीवनसमतोल कक्षाच्या प्रमुख उल्रिका सांडग्रेन यांनी त्याला बोलावून घेतलं.

“मोकळ्या वेळात काय करता?”

“गुनेलबरोबर कॉफी पितो.”

“आणि?”

“बसतो.”

उल्रिकाबाईंचा चेहरा पडला. बसणं ही कृती नसून कृतीचा अभाव आहे आणि अभावाचा आलेख परिषदेपुढे मांडता येत नाही, हे त्यांनी सहानुभूतीने समजावलं. टोर्केलच्या वाट्याला सामूहिक गायन आणि गारठलेल्या समुद्रात पोहणं आलं, गुनेलच्या वाट्याला कुंभारकाम आणि जंगलातला मौनविहार. एवढं सगळं झेपतंय ना, हे पाहण्यासाठी संध्याकाळी आढावा बैठक ठेवण्यात आली. तीही एकमताने.

टोर्केल पूर्वीपेक्षा उशिरा घरी पोचू लागला.

“अरे, आधी निदान नुसता दमून यायचास,” हातांची माती धूत गुनेल म्हणाली, “आता दमून वर गातोस.”

जरा विश्रांती मिळावी म्हणून त्याने जुने तास परत मागितले. हे समतोल ढळल्याचं लक्षण ठरवून त्याला शनिवार-रविवारच्या शिबिरात घालण्यात आलं. तेव्हा मात्र बिचाऱ्याचा धीर सुटला.

“मला बायकोबरोबर फक्त कॉफी प्यायचीय हो,” तो रडवेला होऊन म्हणाला.

उल्रिकाबाई विरघळल्या. नियमात 'देखरेखीखालील दांपत्य-विरंगुळा' बसत होता. गुरुवारी दुपारी त्या स्वतः देखरेखीला आल्या, दोघांच्या मधल्या खुर्चीत बसल्या आणि दोन घोट घेताच टेबलावर डोकं टेकून झोपी गेल्या. साऱ्या गावाचा समतोल सांभाळता सांभाळता त्यांना कित्येक महिने धड झोप मिळाली नव्हती. गुनेलने त्यांच्या अंगावर शाल घातली. मग दोघं एकमेकांकडे पाहत कॉफी प्याले. खिडकीत अजून ऊन होतं. टोर्केलला भरून आलं.

उल्रिकाबाई ताज्यातवान्या होऊन उठल्या. “काय शांत घर आहे हो तुमचं! आमच्या अख्ख्या कक्षाला याचीच गरज आहे. सोमवारपासून रोज दुपारी आम्ही इथे येऊन बसत जाऊ. तुम्ही दोघं तेव्हा समुद्रात नि जंगलात असालच. कुणाची हरकत?”

टोर्केलने गुनेलकडे पाहिलं. गुनेलने टोर्केलकडे पाहिलं. आधी 'नाही' कोण म्हणणार? दोघांनीही मान डोलावली.

बोल की लेका, असं तुम्ही मघापासून मनात म्हणताय, ते कळतंय. तुमच्या कचेरीतल्या परवाच्या बैठकीत साहेबांनी हेच विचारलं, तेव्हा तुमची मान कुठल्या दिशेने हलली होती?