पाट्या खाणाऱ्या शेळीचा सन्मान

वाचनालयाच्या प्रौढ वाचक मंडळाने 'माझं लहानपणीचं लाडकं पुस्तक' हा कार्यक्रम ठरवला, तेव्हा त्यातून कोणाला इजा होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. बैठक बालविभागात होती, कारण पंखा फक्त तिथलाच चालत होता. सभासद बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून, अत्यंत गंभीरपणे बसले होते.

अध्यक्ष निवृत्त प्राचार्य. सुरुवात त्यांनीच केली. वयाच्या आठव्या वर्षी तत्त्वज्ञानाचा एक जाडजूड ग्रंथ वाचून म्हणे त्यांची भूकच मेली होती. त्यावर हिशेबतपासनिसांनी तोच ग्रंथ सहाव्या वर्षी, तोही मूळ भाषेत वाचल्याचं नमूद केलं. वकीलबाई म्हणाल्या, "मला तर आईने तो जन्माआधीच ऐकवला होता. काही मुद्दे तेव्हाही पटले नव्हते."

दातांच्या डॉक्टरांनी पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली. तिच्यात 'पाट्या खाणारी शेळी' होती. जेमतेम पंचवीस पानं, त्यातली अर्धी चित्रांची. बायकोने कोपराने ढोसलं.

"काढा की."

"अगं, हसतील सगळे."

"हसायचंच पुस्तक आहे ना ते?"

डॉक्टरांनी जीव मुठीत धरून पुस्तक काढलं आणि गोष्ट सांगितली. शेळी 'आत येऊ नये' ही पाटी खाते, लोक बिनधास्त आत शिरतात. 'गप्प बसा' खाते, सगळं गाव बोलायला लागतं.

अध्यक्षांनी चष्मा नाकावर सरकवला.

"डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले, "आवडीलाही काही पातळी असते. शेळी?"

"सर, मी तेव्हा सहा वर्षांचा होतो."

"कारणं सांगू नका."

तेवढ्यात वकीलबाईंच्या तोंडून निसटलं, "दवाखान्याची पाटी खाऊन तिचं पोट दुखतं, तेच ना हे?" सगळे वळले. "म्हणजे, वाचलेलं नाही. ऐकून आहे."

"पोट नाही, दाढ," छताकडे बघत हिशेबतपासनीस पुटपुटले.

मग बांधच फुटला. अध्यक्षांनी चष्मा काढून शेळीचं ओरडणं करून दाखवलं, ते इतकं हुबेहूब, की ग्रंथपालबाई दार लावायला धावल्या.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आनंद झाला की ठराव करायचा, ही मंडळाची जुनी खोड. एकमताने शेळी 'सांस्कृतिक ठेवा' ठरली. ठेवा म्हटला की जपणं आलं. जपायचं तर हात लागता कामा नये, आणि सर्वांत चिकट हात मुलांचे असतात, हे हिशेबतपासनिसांनी साधार सिद्ध केलं. पुस्तक काचेच्या कपाटात गेलं. शेळी एकटी पडू नये म्हणून बाकीची बालपुस्तकंही गेली. पुढे चर्चेत व्यत्यय नको म्हणून बालविभागाचं 'बालसाहित्य आस्वाद दालन' झालं. प्रवेश फक्त अठरा वर्षांवरील सभासदांना.

"मग मुलांनी बसायचं कुठे?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"हे सगळं मुलांसाठीच तर चाललंय," अध्यक्ष म्हणाले. "त्यांनी थोडी कळ सोसायला नको?"

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे अर्थातच डॉक्टर. टाळ्यांच्या गजरात कपाटाची किल्ली त्यांच्या हवाली झाली. खास परवानगीने आत आलेली त्यांची नात काचेला नाक लावून उभी होती.

"आजोबा, तुम्ही सांगता ती शेळी हीच ना? काढा ना!"

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला. पण समोर फोटोग्राफर होता, भाषण सुरू व्हायचं होतं, आणि किल्लीवाल्यानेच नियम मोडला तर लोक काय म्हणतील?

"बाळा, हे मोठ्यांच्या लहानपणीचं पुस्तक आहे," ते म्हणाले. "तू मोठी झालीस की वाच."

तिने भोकाड पसरायच्या आत आजीने तिला बाहेर पायरीवर नेलं आणि हातात मोबाईल दिला. आत अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. विषय होता, 'आजची मुलं वाचत का नाहीत?' बोलता बोलता त्यांनी खिडकीतून पायरीकडे बोट दाखवलं. "बघा! उदाहरण शोधायला लांब जायला नको."

सगळ्यांच्या माना खेदाने हलल्या. डॉक्टरांचीही हलली, जरा उशिराने.

तुमचीही हलली असेल. हलायलाच हवी, प्रश्न गंभीर आहे. फक्त एक सांगा. हे वाचत असताना मघाशी पाठीमागून कोणीतरी "गोष्ट सांगा ना" म्हणालं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

"थांब जरा, वाचू दे!"