चोवीस शिक्क्यांची शिष्यवृत्ती

दोन देश एकमेकांच्या जवळ यायचे, तर सगळ्यात आधी खुर्च्या लागतात. भाषा, इतिहास, प्रेम वगैरे मागाहून येतं. ज्या वकिलातीकडे साठ खुर्च्या आहेत ती साठ माणसांपुरती मैत्री करू शकते, आणि जिच्याकडे दोनशे आहेत तिच्याशी वाकडं घ्यायची कोणाची छाती होत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर मी वर्षभर बसलेली बाई आहे.

माझं शिक्षण तिसरी. चौथीतही बसले होते, पण चौथीचं आणि माझं पटलं नाही. तरी पाच मुलं वाढवली आणि दोन सुना वळणावर आणल्या (धाकटी अजून वळते आहे). आमच्या घरात कामांची वाटणी पक्की. थोरल्याकडे गाडी, धाकट्याकडे शेजाऱ्यांशी भांडणं, सुनांकडे स्वयंपाक आणि माझी निंदा, आणि जगातल्या सगळ्या रांगा माझ्याकडे. दवाखान्याचा नंबर असो की शाळेचा प्रवेश, मी पहाटे जाऊन बसायचं आणि ज्याचं काम असेल त्याने नंबर पुकारायच्या वेळी हात हलवत यायचं. घरातलं एक माणूस बसलं की सगळं घर बसलं, हा आमचा नियम. चाळीस वर्षांत एकाही खिडकीने त्यावर हरकत घेतलेली नाही.

तर माझी नात, थोरल्याची मुलगी. तिला लहानपणापासून लिफ्टचं वेड. बंद पडलेली लिफ्ट दिसली की पोरीची भूक उडते. आमच्या इमारतीची लिफ्ट तिने स्वतः तीनदा चालू केली आणि सोसायटीने बैठका घेऊन चारदा बंद पाडली. लिफ्टची विद्या शिकवणारं एक विद्यापीठ परदेशात होतं. दोन वर्षांचा अभ्यास, आणि ती शेवटची तुकडी. (त्या देशातल्या सगळ्यांना लिफ्ट कळून चुकली होती, म्हणून पुढे वर्ग बंद.) म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. प्रवेश परीक्षेत आमची पोर पहिली आली. जायचं ते त्या देशाच्या वकिलातीच्या शिष्यवृत्तीवर, एरवी आमच्या घरचं परदेश म्हणजे धाकटीचं माहेर.

पण वकिलात नुसत्या हुशारीवर भुलत नाही, आणि ते मला फार आवडलं. गुणांवरून डोकं कळतं, मन कळत नाही. मन कळावं म्हणून त्यांनी ‘सांस्कृतिक ओढ’ नावाची अट ठेवली होती. वर्षात चोवीस कार्यक्रमांना हजर राहायचं, दर कार्यक्रमाला कार्डावर एक शिक्का. चोवीस शिक्के झाले की ओढ शंभर टक्के. तेवीस झाले तर नुसती तोंडओळख.

विद्यार्थ्यांसाठीचे हे कार्यक्रम विद्यार्थी कॉलेजात असतात नेमके त्याच वेळी ठेवलेले असतात. त्यामुळे गर्दी होत नाही आणि शिस्त राहते. नात म्हणाली, आजी, प्रॅक्टिकल बुडवू की संस्कृती बुडवू? मी म्हटलं, रांगेचं खातं कोणाकडे आहे? आणि चपला घातल्या.

दारावरच्या शिपायाने माझं ओळखपत्र बघून कार्डावर माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, लिहू दे. दवाखान्याच्या चिठ्ठीवरही माझंच नाव असतं, म्हणून काही इंजेक्शन मला देत नाहीत.

पहिल्या दिवशी रिकाम्या खोल्यांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. सत्तावन्न खोल्या, सगळ्या न झाडलेल्या. मग अडीच तासांचा सिनेमा, त्यात एक घोडा खिडकीकडे बघतो. शेवटाकडे खिडकी बंद होते तेव्हा घोड्याच्या आधी मी हुश्श केलं. मग वाद्याचा कार्यक्रम. वादकाने वीस मिनिटं वाद्य सुरात लावलं, त्याला आम्ही टाळ्या दिल्या, मग त्याने वाजवलं, तेव्हा आम्हाला वाटलं परत लावतोय. ‘परस्पर सामंजस्य’ या विषयावर पाच व्याख्यानं झाली, पाचही त्यांच्या भाषेत.

टाळ्या कधी वाजवायच्या हा तिथला सगळ्यात अवघड अभ्यास. मी तो दुसऱ्याच आठवड्यात पक्का केला. कोपऱ्यातला चहावाला किटलीचं झाकण काढतो तेव्हा संस्कृती संपलेली असते. मी वाजवल्या की मागच्या रांगा वाजवत. पुढेपुढे तर कलाकारच माझ्याकडे बघून थांबायला लागले.

प्रेक्षकांची संख्या सरासरी एकतीस. त्यातले नऊ वकिलातीचे नोकर, अकरा दुसऱ्या वकिलातींचे नोकर (हे यांच्या कार्यक्रमाला येतात, मग ते त्यांच्या कार्यक्रमाला जातात, यालाच देवाणघेवाण म्हणतात), सहा बिस्किटांसाठी, चार पंख्यासाठी आणि एक मी. निघताना पाच चेहरे छापलेला कागद मिळे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी दर वेळी हसऱ्यावर खूण केली. एवढं आगतस्वागत करणाऱ्यांच्या तोंडावर रडका चेहरा मारायचा ही आमच्या घरची रीत नाही. वर्षअखेरीच्या अहवालात दोन देशांमधलं सामंजस्य चौदा टक्क्यांनी वाढलं. हे चौदा टक्के मीच.

चोविसावा शिक्का बसला आणि मला मुलाखतीला बोलावलं. मला वाटलं, पोरीची चौकशी करायची असेल. उंच साहेब, त्यांच्या मागे त्यांच्या देशाचा नकाशा, आणि मध्ये आपल्याकडची दुभाषी बाई. साहेबांनी विचारलं, आमच्या संस्कृतीतलं तुम्हाला काय भावलं?

मी म्हटलं, “खुर्च्यांना गाद्या लावा. कंबरेचा पार भुगा झालाय माझ्या.”

दुभाषी बाई दोन मिनिटं बोलल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी विचारलं, बाई, तुम्ही नक्की काय सांगितलंत?

“आजी, तुम्ही बिनधास्त बोला,” त्या म्हणाल्या. “दोन्ही देश मी सांभाळते.”

आठ दिवसांनी फाटकावर निकाल लागला. शिष्यवृत्ती एकमताने मला. लिफ्टशास्त्र, दोन वर्षं.

नातीने तो कागद दोनदा वाचला. रडली असती तर मी दटावलं तरी असतं. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, “काही हरकत नाही, आजी. तू जाऊन ये.”

ते ऐकून मी तशीच उलट्या पावली साहेबांकडे गेले. सांगितलं, बसले मी, पण बसले ते तिच्यासाठी. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी नियमांचं बाड काढलं. ओढ दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. नातीचे गुण चौऱ्याण्णव, ओढ शून्य. माझी ओढ शंभर. माझे गुण? ते बघायची तरतूद नव्हती, कारण शंभर टक्के ओढ आजवर कोणालाच लागली नव्हती. मी नाही म्हटलं तर जागा रिकामी जाणार आणि अहवालात ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असं लिहिणार. कुठेही अन्याय नव्हता. इतकं स्वच्छ काम मी कुठल्याच कचेरीत पाहिलेलं नाही.

बाड मिटता मिटता दुभाषी बाईंनी एका पानावर बोट ठेवलं. साठीपुढच्या विद्यार्थ्याला एक सोबती नेता येईल. (हा नियम एका म्हाताऱ्या विद्वानासाठी केला होता. विद्वान गेला, नियम राहिला.)

मी विचारलं, “सोबती वर्गात बसेल?”

वर्गात, प्रयोगशाळेत, परीक्षेतही, साहेब म्हणाले. चष्मा शोधून द्यायला.

“आणि पेपर लिहायला?”

साहेबांनी पान उलटलं. विद्यार्थ्याचा हात थरथरत असेल तर.

मी हात पुढे केला. पन्नास वर्षं कणीक तिंबून जो हात कधी हलला नाही, तो त्या दिवशी असा थरथरला की साहेबांच्या टेबलावरचा झेंडा पडला.

बाहेर आल्यावर सगळं ऐकून नात म्हणाली, “पण आजी, पदवी तुझ्या नावावर होईल.”

“होऊ दे की. विद्या तुझ्या डोक्यात राहील, कागद माझ्या ट्रंकेत.”

दोन वर्षं आम्ही शिकलो. म्हणजे ती शिकली आणि मी शेजारी बसून गरजेप्रमाणे थरथरले. विद्यापीठाच्या मासिकात मुखपृष्ठावर माझा फोटो आला. देवाणघेवाणीत आपली बाजू लंगडी पडू नये म्हणून मी प्राध्यापकांच्या बायकोला सून कशी ताब्यात ठेवायची ते शिकवलं. तिला सून नव्हती, पण तिने वहीत सगळं उतरून घेतलं. लिफ्टचं म्हणाल तर बटण एकदा दाबलं की पुरे, दहादा दाबून ती लवकर येत नाही, एवढं मला पक्कं समजलं. पहिला वर्ग मिळाला. नातीला दाखला मिळाला की ही चष्मा वेळेवर देत असे.

परत आलो तर इथल्या लिफ्ट-तपासणीच्या कचेरीला ती पदवी असलेलं माणूस हवं होतं आणि सबंध देशात ती मला एकटीलाच. मुख्य तपासनीस झाले. सोबतीचा नियम इथेही लागू करून घेतला. पोर लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची, दोर मोजायची, ब्रेक उघडून बघायची. ती ‘ठीक’ म्हणाली की मी सही करायची. ‘ठीक नाही’ म्हणाली की मी इमारतीच्या चेअरमनला असं बोलायचे की तो आठवड्यात दोर बदलायचा. दीड वर्ष असं झकास चाललं.

मग त्याच विद्यापीठातून पत्र आलं. तिथल्या वसतिगृहाची लिफ्ट पोरीने जाता जाता दुरुस्त केली होती, आणि ती अजून बंद पडत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. कागद कोणी मागितला नाही, तिलाच बोलावून घेतलं. विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, आता तरी राजीनामा दे. मी तसा तो दिला. कचेरीने परत पाठवला. पदवी माझी, सही माझी, शिक्का कचेरीचा, मग अडलं कुठे, असं त्यांचं म्हणणं. मलाही खोट काढता आली नाही. पोर मार्गी लागली, ज्यासाठी बसले ते झालं, आता माझं काय वाईट व्हायचंय?

तेव्हा आता तपासणीला मी एकटीच येते. खाली खुर्ची टाकून बसते, बटण एकदा दाबते, दार उघडलं की सही करते. तुमच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी चौकटीत तो कागद लावलेला आहे. तुम्ही तो कधी वाचलेला नाही, शिक्का तेवढा गोल दिसला आणि पाय आत टाकलात. तुमच्या या विश्वासाचं मला कौतुक वाटतं. परवाच तुम्ही पोराबाळांना घेऊन आत उभे होतात आणि दार धरून मला म्हणालात, या ना आजी, जागा आहे. मी हात जोडले आणि जिन्याने निघाले. सातवा मजला होता, पण मला घाई नव्हती.