निसळ सरांचे नऊ पूर्णांक सहा

निसळ सरांनी माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेला साडेआठ दिले.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवून दुसरी आम्ही नवराबायको शेजारी म्हणून त्यांच्याकडे घेऊन गेलो होतो. सरांनी ती दोन बोटांनी कडेला धरली, खिशातून भिंग काढलं, खिडकीशी जाऊन पत्रिका उजेडात तिरकी केली आणि म्हणाले, "छपाई उत्तम. घडी सरळ. पण डाव्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे, म्हणून अर्धा गेला. एरवी नऊ दिले असते."

"अहो सर, हळदीकुंकू लावलंय ते," माझी बायको म्हणाली.

"कारण काहीही असो. डाग तो डाग."

स्थळ कुठलं, मुलगा काय करतो, हे त्यांनी विचारलं नाही. ते सगळं सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने विचारलं आणि वर म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. मला लग्नाआधी बघायला आले तेव्हा भिंग नव्हतं, म्हणून मी पास झाले."

सर पारनेरच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या कॉमिक्सची प्रतवारी सुरू केली. हा काय प्रकार आहे हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांना थोडक्यात सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हता. जुनं कॉमिक भिंगाखाली तपासायचं. कोपरे, पिना, सुरकुत्या, रंग, सगळं बघून दहापैकी गुण द्यायचे, तेही दशांशात. गुण देण्याआधी ते गरम यंत्रात दाबून सुरकुत्या घालवता येतात. शेवटी ते कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पत्र्यांत ठेवून चारही कडा कायमच्या बंद करायच्या आणि वर आकडा चिकटवायचा. सर याला कवच म्हणतात. कवचात गेलेलं कॉमिक पुन्हा कोणालाही वाचता येत नाही. त्यामुळे त्याची किंमत वाढते.

परदेशात हे काम कंपन्या करतात. पारनेर तालुक्यात निसळ सर करतात.

माल त्यांना विकत घ्यावा लागला नाही. मुलं तासाला पुस्तकात कॉमिक लपवून वाचत. सर ते काढून घेत आणि चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटात टाकत. हेडमास्तर बदलत गेले, कपाट भरत गेलं. निरोपाच्या दिवशी शाळेने सरांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि कपाट रिकामं करून द्यायची विनंती केली. टेम्पो करून सगळं घरी आलं. पुढे त्यांच्या भाच्याने मोबाईलवर दाखवलं की जगात कुठेकुठे लोक अशा कागदांना सोन्यासारखं जपतात. त्या दिवसापासून सरांच्या हातात भिंग आहे.

दाबायचं यंत्र त्यांनी नगरहून आणलं. टी-शर्टवर पुढाऱ्यांचे फोटो छापणाऱ्या एका दुकानदाराकडे ते निवडणूक संपल्यावर पडून होतं. सर त्याला ताप किती द्यायचा, किती वेळ द्यायचा, वर वजन किती ठेवायचं, हे आजारी माणसाची सेवा करावी तसं सांभाळतात. "माझ्या शालूला कधी एवढं जपलं नाही यांनी," असं काकू म्हणतात. सर म्हणतात, "शालूला पिना नसतात."

मग त्यांनी दारावर पाटी लावली. पिवळ्या पत्र्यावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'ग्रेडिंग. प्रेसिंग. पॅकिंग.'

मी म्हणालो, "सर, आपल्याकडे ग्रेडिंग म्हणजे कांदा."

"कवडे, लोक सुज्ञ आहेत. त्यांना समजेल."

पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या वहिनी कपड्यांचं बोचकं इस्त्रीला घेऊन आल्या. दुपारी एक गृहस्थ आले. त्यांच्या गल्लीतली गटार तुंबली होती आणि सर प्रेसमध्ये आहेत असं त्यांना कळलं होतं. बातमी फोटोसकट यावी अशी त्यांची अपेक्षा होती. संध्याकाळी एक पिकअप दाराशी लागली आणि आतून आवाज आला, "ओ काका, गोनीला काय घेता? गोल्टी येगळी करून देता का?"

गोल्टी म्हणजे लहान कांदा. सरांनी त्या शेतकऱ्याला उतरवून घेतलं, हात धुवायला लावले आणि कॉमिकची पिन गंजल्यावर कागदावर काय परिणाम होतो ते समजावून सांगितलं. तो बिचारा सगळं ऐकून म्हणाला, "बरोबर हाय. पन कांद्याचं काय?"

काकूंनी त्या दिवशी तिघांनाही चहा दिला आणि नवऱ्याला सुचवलं की यंत्र गरम असतंच, तर इस्त्री घ्यायला हरकत नाही, निदान लाइटबिल सुटेल. सरांनी पाटी बदलली नाही.

मी दूध संकलन केंद्रावर असतो. आमच्याकडे दूध यंत्रात घातलं की फॅटचा आकडा येतो, त्यात माझ्या मताला जागा नाही. त्यामुळे सरांचा आकडा मला पहिल्यापासून खुपायचा. एकदा विचारलं, "साडेनऊ आणि नऊ पूर्णांक सहा, यांत तुम्हाला नेमका फरक काय दिसतो?"

"तुम्हाला साडेतीन आणि तीन पूर्णांक सहा फॅटमध्ये दिसतो?"

"मला नाही. मशीनला दिसतो."

"मग माझा डोळा मशीन समजा."

"मशीनची दर वर्षी तपासणी होते, सर."

मग मी तपासणीच केली. त्यांच्याच गठ्ठ्यातलं एक कॉमिक सकाळी पुढे केलं, त्यांनी सात दिले. तेच संध्याकाळी दुसऱ्या पिशवीतून आणलं, त्यांनी साडेसात दिले. मी दोन्ही आकडे पुढे ठेवले. सर जराही डगमगले नाहीत. "दिवसभर सपाट पडून होतं. विश्रांती मिळाली की कागद सुधारतो," ते म्हणाले. "कणा बघा, कणा." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कॉमिकची दुमडलेली कड म्हणजे कणा. वाद हरायची वेळ आली की ते कणा बघायला सांगतात.

तर अशा या सरांच्या प्रतवारीला सरांशिवाय मान्यता देणारं कोणी नव्हतं. ती गेल्या हिवाळ्यात मिळायची वेळ आली. पुण्याच्या काही संग्राहकांनी जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. सरांनी फोटो पाठवले. त्यातलं एक संग्राहकांनी पसंत केलं: 'तिसऱ्या बुरुजाचा चोर'. हे सरांचं सर्वोत्तम रत्न, नऊ पूर्णांक सहा. काचेच्या कपाटात ठेवणार होते आणि शेजारी चिठ्ठी असणार होती: 'प्रतवारी: द. वि. निसळ, पारनेर'. अट एकच, कवच अखंड पाहिजे.

सरांनी मला ते कवच उजेडात धरून दाखवलं. "हे बघा. सुरुवातीची पानं कोणीतरी जपून उलटलीत, पण शेवटची चार कधी उघडलीच गेली नाहीत. छापखान्यातून आली तशी आहेत. म्हणून हा आकडा. असं सापडत नाही, कवडे." निरोपाच्या शालीनंतर त्यांचं नाव कुठे लिहिलं गेलं नव्हतं.

पुण्याचा माणूस सोमवारी येणार होता. शनिवारी दुपारी मी सरांकडे बसलो होतो. कवच टेबलावर, खाली मऊ फडकं, शेजारी बांधायला खोका. दाराशी पिकअप थांबली. पन्नाशीतला एक माणूस, टोपी हातात घेऊन आत आला.

"ग्रेडिंगचं इथंच का?" असं म्हणून त्याने सरांकडे पाहिलं आणि थबकला. "सर, तुमी? वळखलं का? एकनाथ. सातवी ब. कान्हूरचा."

"चेहरा लक्षात आहे," सर म्हणाले. त्यांच्या लक्षात काही नव्हतं. "कांदा असेल तर इथे होत नाही, बाबा. बस. सुमन, चहा टाक गं."

एकनाथ बसला नाही. तो टेबलाकडे बघत होता. मग वाकून बघायला लागला. हात त्याने मागे बांधून घेतले होते, शाळेत बांधायचा तसे.

"सर, हे माझं हाय."

"काय तुझं?"

"हे पुस्तक. मामानं मुंबईवरनं आनलं हुतं. तवाच्या तवा वर्गात नेलं, भूगोलाच्या पुस्तकात घालून. तुमी कान धरून उठवलं आन् काढून घेतलं." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो हसत होता. "लई बेक्कार जागी काढून घेतलं, सर. म्हंजे बघा, राजाचा मुकुट गेलेला. शिपाई मशाल वर करतो आन् म्हनतो, चोर दुसरातिसरा कुनी नसून... आन् तिथं पान संपतंय. मी पान उलटनार, तेवढ्यात तुमी."

सरांनी कवच स्वतःकडे ओढलं.

"मग कोन निघाला?" एकनाथने विचारलं. "मला परधानावर संशय हुता. पोरीला पन सांगितली ही गोष्ट, नातवाला सांगितली. शेवटाला काय सांगावं कळत न्हाई. कधी परधान सांगतो, कधी वैद्य."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या पुस्तकाच्या पिना कोणत्या धातूच्या, शाई कुठे फिकी, कागद किती वजनाचा, हे ते झोपेतही सांगतील. चोर कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. कपाटातलं एकही कॉमिक त्यांनी कधी वाचलं नव्हतं.

"ती चार पानं," ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले आणि थांबले.

मग त्यांनी खणातून स्टीलची पट्टी काढली आणि कवचाच्या कडेत घातली.

"सर, सोमवारी माणूस येतोय," मी म्हणालो.

"कवडे, गप्प बसा."

"ऱ्हाऊ द्या, सर, मोडू नका," एकनाथ घाबरला. "मी आपला सहज म्हनलो."

पट्टी सरांनी जोराने पिरगळली. प्लास्टिक तडकलं. आकड्याची चिठ्ठी उडून फरशीवर पडली. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

"घे. वाच," सर म्हणाले. "पहिल्यापासून वाच, मोठ्याने. मीही वाचलेलं नाही."

एकनाथ खुर्चीच्या कडेवर बसला आणि वाचू लागला. प्रत्येक पानाला तो अंगठा जिभेला लावत होता. पहिल्यांदा लावला तेव्हा सरांनी डोळे मिटले. तिसऱ्या पानानंतर मिटले नाहीत. मध्येच म्हणाले, "माळी असणार."

"न्हाई, सर. माळी सुटतोय आत्ता. ऐका तर."

बाहेर पिकअपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. काकूंनी त्याला चहा नेऊन दिला आणि धावत परत आल्या. सरांची खुर्ची पुढे सरकत सरकत एकनाथच्या गुडघ्याला लागली होती. शिपायाने मशाल वर केली. चोर दुसरातिसरा कोणी नसून.

एकनाथ थांबला. अंगठा पानाच्या कोपऱ्यावर, पण पान उलटेना. त्याने पुस्तक सरांपुढे धरलं. "तुमी उलटा, सर. नवं पान हाय. खराब हुईल माझ्या हातानं."

सरांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"तूच उलट," ते म्हणाले. "मी कान धरत नाही."