अजगर काही जेवेना

"खाल्लान?" हरिश्चंद्रने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"नाय," त्याची बायको गुणवंती म्हणाली. "वासपण घेतलान नाय."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात हातभर लांबीचं, अंगठ्याएवढं जाड अजगराचं पोर बसलं होतं. काळपट अंगावर सोनेरी ठिगळं, आणि समोर बशीत ताजी मांदेली. पोराने बशीकडे पाहिलं, डोकं अंगाच्या वेटोळ्यात खुपसलं आणि त्याचा चेंडू झाला.

हे पोर आणलं होतं आनंदाने. आनंदा हा गुणवंतीचा धाकटा दीर, परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीवर खलाशी. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात त्याने अंगातला शर्ट एका हमालाला दिला आणि बदल्यात हे घेतलं. दिवाळीनंतर दाभोळला घरी आला, आणि बोटीचं बोलावणं येताच डबा वहिनीच्या हातात देऊन एसटीत चढला.

"वयनी, चावत नाय तो. घाबरला का चेंडू होतो एवढाच. शिमग्याला येतो तवर सांभाळ."

"अरे पण मेल्या, खातो काय?"

"अजगर तो! काय देशील ता खातो!" आनंदा खिडकीतून ओरडला आणि एसटी गेली.

गुणवंती दाभोळच्या धक्क्यावर मासे विकायची. 'नको' हा शब्द तिला गिऱ्हाइकाच्या तोंडूनही चालत नसे. तिच्या घरी लाइटबिल वाटायला आलेला माणूसदेखील कालवण-भात खाऊनच उठायचा. अशा घरात एक प्राणी उपाशी बसतो म्हणजे काय? तिने मांदेली उचलली आणि कोलंबी ठेवली. कोलंबी नको, तर बांगडा चिरून ठेवला. चेंडू सुटेना.

"अगो, नागोबाच्या जातीचा तो," शेजारच्या येसूबाई म्हणाल्या. "त्याला मासे कसले दाखवतेस? दूध ठेव." आणि घरातून वाटीभर दूध स्वतःच घेऊन आल्या. वाटी डब्यात आपटली, अजगर दचकला, आणखी घट्ट गोळा झाला आणि कलंडून थेट दुधात पडला. बाहेर निघाला तो पांढराशुभ्र. त्याला कोमट पाण्याने अंघोळ घालावी लागली. येसूबाई त्याला हळदकुंकू लावायलाही निघाल्या होत्या, पण गुणवंतीने त्यांचा हात धरला.

बातमी मच्छीमारांच्या खारवीवाड्यात पसरली. त्या वर्षी गावात पहिलाच टीव्ही आला होता आणि रविवारी सगळी वाडी सरपंचांच्या ओटीवर जमायची. आता तीच माणसं गुणवंतीकडे वळली. इथलं चित्र हलत नव्हतं हे खरं, पण त्यात मुंग्याही येत नव्हत्या. कुणी अंडं आणलं, कुणी कोंबडीचं काळीज. कुणी वजन बघायला म्हणून त्याला उचलून पाहिलं. शेवटी गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अवो, अजगर उंदीर खातो."

हे गुणवंतीला पटलं. सुकटीच्या पिंपाजवळ सापळा लावला आणि एक उंदीर मिळाला. तो तिने डब्यात सोडला, झाकण लावलं. बऱ्याच वेळाने उघडून बघते तर उंदीर अजगराच्या वेटोळ्यावर ऐटीत बसून मिश्या साफ करत होता. अजगराच्या शेपटीवर दातांची खूण होती.

"तुजा अजगर उंदराला घाबरतो!" हरिश्चंद्र इतका हसला, की हसता हसता अजगर आल्यापासून पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आला.

"हसू नका. परत प्रयत्न करूया," गुणवंती म्हणाली. "पण हा मेला उंदीर भुकेला ऱ्हायला तर माज्या अजगराला कुरतडील. याला आधी पोटभर घाला. ता काम तुमचा."

हरिश्चंद्र होड्या दुरुस्त करायचा. घरी आल्यावर त्याला फारसं काम नसे. त्याने उंदीर पिंजऱ्यात घालून ओटीवर ठेवला आणि त्याला भाकरीचा तुकडा टाकला. मग थोडी सुकट. मग ओलं खोबरं. उंदराच्या अंगावर तकाकी आली. हरिश्चंद्रच्या एका वारलेल्या चुलत्याच्या मिश्या अगदी तशाच होत्या, म्हणून तो त्याला चुलत्याच्याच नावाने 'काशीराम' म्हणायला लागला. संध्याकाळी दोघांच्या गप्पा चालत. गुणवंतीचं तिकडे लक्ष नव्हतं.

तिचं लक्ष होतं अजगराच्या पाठीकडे. पाठीचा कणा आता वर दिसायला लागला होता. धक्क्यावर बसल्या बसल्या तिचा हिशेब चुकायला लागला, पापलेट मागणाऱ्याला ती सौंदाळा देऊ लागली. 'आनंदाला तोंड काय दाखवू?' या विचाराने तिच्या स्वतःच्याच घशाखाली घास जाईना.

एके दुपारी डब्याभोवती अशीच गर्दी होती. येसूबाई डब्यात वाकून अजगराला विनवत होत्या, "खा रे बाबा. एक घास खा. आमच्याकडे बघून खा."

आणि गुणवंतीला आपलं लग्न आठवलं. हर्णैहून ती नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा सगळी वाडी बघायला लोटली होती. ताटात वडे-सागोती, समोर सासू, बाजूला सगळ्या आत्या, आणि एकीचीही नजर ताटावरून हलत नव्हती. 'जेव गो, लाजू नको.' घास तोंडात फिरत राहिला. तिन्हीसांजेला सगळे पांगल्यावर ती जाळ्यांच्या ढिगामागच्या अंधारात टोप घेऊन बसली, आणि तळ दिसेपर्यंत उठली नव्हती.

गुणवंती ताडकन उठली. "चला! सगळ्यांनी भायेर!"

"मी तर घरचीच गो," येसूबाई म्हणाल्या.

"मग घरी जावा."

तिने केरसुणी घेऊन घर रिकामं केलं. अजगराचं वेटोळं जेमतेम मावेल असं एक लहान तोंडाचं कोरडं मडकं काढलं आणि त्याला त्यात अलगद उतरवलं. मडकं चुलीमागच्या उबेला ठेवलं. मग ओटीवर जाऊन पिंजरा उघडला. उंदीर तिने एका फटक्यात गार केला आणि चुलीजवळ धरून पुन्हा गरम केला. मडक्यात सोडला, वर फडकं टाकलं, दार ओढलं आणि बाहेर येऊन बसली.

अवघड काम खरं म्हणजे हेच होतं. आत कुणीतरी जेवतंय आणि आपण 'अजून घे' म्हणायचं नाही, ताटात डोकावायचंही नाही! तिचे हात शिवशिवायला लागले. दोनदा उठून ती दाराच्या फटीपर्यंत गेली आणि स्वतःलाच शिव्या घालत परत आली. शेवटी हातांवर बसून राहिली.

उन्हं कलल्यावर तिने आत जाऊन फडकं उचललं. उंदीर नव्हता. अजगराच्या अंगात मधोमध मोज्यात लिंबू घातल्यासारखा फुगवटा होता.

"जेवलान! येसूबाई, जेवलान गो!"

वाडी पुन्हा गोळा झाली. गुणवंतीने एकालाही आत सोडलं नाही, पण सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. इतक्यात हरिश्चंद्र कामावरून आला.

"खाल्लान?"

"खाल्लान! शेपटीसकट खाल्लान!"

"वा!" हरिश्चंद्र मनापासून खूश झाला. खिशातून खोबऱ्याचा तुकडा काढत तो पिंजऱ्याकडे वळला. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. तो तसाच वाकून उभा राहिला.

"अगो," तो हळूच म्हणाला, "काय खाल्लान?"

"उंदीर."

"कंचा उंदीर?"

गुणवंतीच्या हातातली साखर तशीच राहिली.

त्या रात्री हरिश्चंद्र जेवला नाही. सकाळी पेज नको म्हणाला. दुपारी कामावरून आला तो भिंतीकडे तोंड करून पडला.

"बांगड्याचा कालवण हाय," गुणवंती म्हणाली.

"नको."

"दुसरा धरून देते ना. घरात उंदरांना काय तोटा हाय?"

"काशीरामच्या जागेवर दुसरा?" हरिश्चंद्रने तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं.

तिने येसूबाईंना बोलावलं नाही. विनवण्याही केल्या नाहीत. पदर खोचला, ताट वाढलं आणि माजघरात नेऊन ठेवलं. खिडकी लावली. हरिश्चंद्रला दंडाला धरून उठवलं, आत बसवलं, दार ओढून घेतलं आणि दाराकडे पाठ करून ओटीवर बसली.

"मी बघत नाय," ती मोठ्याने म्हणाली. "कोणच बघत नाय."

बऱ्याच वेळाने ताट सरकल्याचा आवाज झाला. मग भुरका.

"अगो," आतून हरिश्चंद्रचा बारीक आवाज आला, "जरा कालवण वाढ."

गुणवंती उठली, पातेलं घेतलं, दार ढकललं आणि डोळे घट्ट मिटून आत गेली.