किड्यांचा मलिदा

काचेची पेटी घरात ठेवायला ग्रेसने एकाच अटीवर होकार दिला होता. "वास आला की पेटी जिन्याखाली. मग तोंड पाडून बसायचं नाही."

इस्रायलमधल्या लोदच्या विमानतळावर जन्मभर इंजिनं खोलणारा आपला नवरा एका पेटीसाठी तोंड पाडेल, असं तिला तरी कुठे वाटलं होतं! पण एफ्राईम निवृत्त झाला, नात हादारने इंटरनेटवर वाचून वाचून ही पेटी रचून दिली, आणि म्हातारा विरघळला. तळाला खडी, खडीवर कोळसा, वर माती. मातीवर शेवाळ आणि दोन नेचे. सुक्या पानांच्या गोधडीखाली आणि झाडाच्या सालीच्या तुकड्याखाली आयसोपॉड. कुंडी उचलली की दिसतात तसलेच राखाडी, कवचाचे, बोट लागताच गोळी होऊन बसणारे जीव. त्यांनी सडकं पान खायचं, त्यांच्या खतावर नेच्याने वाढायचं, नेच्याचं पान गळलं की पुन्हा त्यांची पंगत. फवारा मारता मारता एफ्राईमला त्यात कोकणातलं आजोळ हिरवं होताना दिसे, आणि चहा निवून जाई.

ग्रेस नारळ खोवता खोवता गाई:

"काचेचा गं बंगला, त्यात सवतींची दाटी,
धनी माझा पाणी शिंपी, मला देईना वाटी!"

अशात नातू शाय सैन्यातून सुखरूप सुटून आला आणि ग्रेसने एलियाहू हान्नवी या ज्यूंच्या प्रेषिताला नवस बोललेला मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची. पाहुणे जेवून गेले, ताटभर मलिदा उरला. तो कचऱ्यात टाकायचा नाही, पायदळी येऊ द्यायचा नाही, हा ग्रेसच्या आईचा नेम. एरवी ग्रेस तो खाली फुलझाडांत पुरायची. आता तिचे गुडघे बोलू लागले होते. एकदा एफ्राईम पुरायला गेला, तर त्याने फावड्याने ठिबकची नळीच तोडली आणि इमारतीच्या कमिटीने त्याला बागेत पाय ठेवायला मनाई केली.

"अहो, आता कोण पुरणार हे?"

"पुरायचं कशाला? माझी मंडळी काय उपाशी मरायला ठेवलीत? सगळं खातात ती."

"मलिदा?"

"बशी आपण काढून घेऊ, म्हणून वाचेल!"

"मग राहू दे पेटी," ग्रेस म्हणाली. "कामाला तरी आली." आणि ती बाजारात गेली.

एफ्राईमने हैफात राहणाऱ्या हादारला फोन लावला. नात हिब्रूत ओरडली, "लो, सबा! नाही, आजोबा! गोड द्यायचं नाही! बुरशी येईल, घरभर वास सुटेल!"

त्याने तरी एक पोहा टाकून पाहिला. एक आयसोपॉड आला, पाहुण्यासारखा फिरून गेला. जिन्यात ग्रेसच्या चपला वाजल्या. डॉक्टरने साखर कधीचीच बंद केली होती. पण वासापेक्षा साखर बरी, असा विचार करून एफ्राईमने ताट तोंडाला लावलं.

"अगोबाई! ताट चाटलंय की मेल्यांनी!"

"भूक दांडगी आहे," एफ्राईम मिशी पुसत म्हणाला.

ग्रेसने हे खालच्या मजल्यावरच्या व्हायोलेटला सांगितलं, व्हायोलेटने रिनाला. त्या वर्षी लोदमध्ये सगळ्यांचेच नवस फळू लागले. कुणाचा मुलगा गाडीच्या परीक्षेत पास झाला, कुणाच्या सुनेला दिवस गेले. उरलेला मलिदा झाकून वर येई. "तुमच्या किड्यांना घाला हो, पुण्य लागेल." बायका गेल्या की एफ्राईम स्वयंपाकघराचं दार लावून पुण्य संपवी. 'इंजिनातला ढिला नट नुसत्या कानाने ओळखणारा मी,' तो स्वतःलाच म्हणे, 'आणि म्हातारपणी किड्यांच्या नावावर जेवतो!' असं म्हणून खोबऱ्याचा शेवटचा कीसही वेचून खाई.

मग दवाखान्यात रक्त तपासलं. एलिनोर नर्सने कागद पाहिला आणि चष्मा काढला. "साखर भलतीच चढलीय. गोड खाता?"

"गोड?" ग्रेसच पुढे झाली. "शिवत नाहीत हे! सगळं किड्यांना घालतात."

"किड्यांना? किती?"

"ताटभर. दर नवसाला."

नर्सने एफ्राईमकडे पाहिलं. ग्रेसनेही पाहिलं. त्या क्षणी त्याला आयसोपॉडसारखं गोळी होऊन जावंसं वाटलं. पण मध्ये पोट आलं.

घरी येऊन ग्रेसने पेटीचं झाकण काढलं, साल उचलली. खाली तांदळाच्या कणीएवढी पांढरी पिल्लं वळवळत होती. तिने साल अलगद, जशीच्या तशी ठेवली.

"एवढं सांगता नाही आलं?"

"पेटी जिन्याखाली गेली असती."

"आणि तुम्ही वर गेला असता, त्याचं काय?"

इतक्यात घंटी वाजली. दारात व्हायोलेट, हातात झाकलेलं ताट. ग्रेसने दार अर्धंच उघडलं.

"नको गं व्हायोलेट. किड्यांना शुगर झालीय."

"अगोबाई! एवढ्याशा जिवाला?"

ग्रेसने वळून एफ्राईमच्या पोटाकडे पाहिलं.

"एवढासा राहिलाय कुठे!"